१९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शालेय प्रशिक्षक, स्वतः खेळणारी मुले आणि केवळ आवडीने क्रिकेट पाहणारे वाचक या स्पर्धेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन विषय एकमेकांत मिसळतात तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. विजेत्यांच्या नोंदी २०२४ च्या स्पर्धेपर्यंतच्या असून २०२६ च्या स्पर्धेचा उल्लेख वयोमर्यादा आणि पात्रता यांपुरताच येतो.

१. ही स्पर्धा कोण भरवते आणि ती किती वर्षांनी होते?

स्पर्धा आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, म्हणजे आयसीसी, भरवते. १९९८ पासून ती दर दोन वर्षांनी होत आली आहे. सामने ५० षटकांचे असतात आणि सोळा देशांचे संघ भाग घेतात. बहुतेक वेळा ती जानेवारी-फेब्रुवारीत होते. २०१२ ची ऑस्ट्रेलियातील स्पर्धा मात्र ऑगस्टमध्ये झाली होती. मुलींची स्पर्धा वेगळी असते. तिच्याविषयी प्रश्न १३ पाहावा.

२. सचिन तेंडुलकर, राहुल द्रविड यांची नावे या स्पर्धेच्या इतिहासात का सापडत नाहीत?

कारण त्यांच्या वयात ही स्पर्धाच नव्हती. पहिली स्पर्धा १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. त्या देशातील युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याच्या समारंभांचा ती एक भाग होती आणि तिच्यात आठ संघ होते. ब्रायन लारा वेस्ट इंडिजचा कर्णधार होता. इंझमाम उल हक, सनथ जयसूर्या, माइक आथरटन, नासिर हुसेन, ख्रिस केर्न्स हे सारे त्याच स्पर्धेत खेळले. अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानला हरवले. त्यानंतर थेट १९९८ पर्यंत दुसरी स्पर्धा झाली नाही. १९८८ मध्ये तेंडुलकर चौदा वर्षांचा होता आणि पुढच्या स्पर्धेपर्यंत तो जगातील आघाडीचा फलंदाज झाला होता. द्रविड, गांगुली, कुंबळे ही सगळी पिढी या दहा वर्षांच्या खंडात वाढली. पुढे द्रविडने याच वयोगटाच्या भारतीय संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारून २०१८ चा विश्वचषक जिंकून दिला, हे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

३. आजवर कोणी किती वेळा विश्वचषक जिंकला आहे?

२०२४ पर्यंतच्या पंधरा स्पर्धांपैकी पाच भारताने जिंकल्या : २००० (कर्णधार मोहम्मद कैफ), २००८ (विराट कोहली), २०१२ (उन्मुक्त चंद), २०१८ (पृथ्वी शॉ) आणि २०२२ (यश धुल). ऑस्ट्रेलियाने १९८८, २००२, २०१० आणि २०२४ अशा चार, तर पाकिस्तानने २००४ आणि २००६ अशा लागोपाठ दोन स्पर्धा जिंकल्या. इंग्लंड (१९९८), दक्षिण आफ्रिका (२०१४), वेस्ट इंडिज (२०१६) आणि बांगलादेश (२०२०) यांच्या नावावर प्रत्येकी एक विजेतेपद आहे.

भारताने गमावलेले अंतिम सामनेही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २००६ मध्ये कोलंबोत पाकिस्तानचा डाव १०९ धावांत संपवूनही भारत ७१ धावांत गारद झाला; त्या संघात चेतेश्वर पुजारा, रोहित शर्मा आणि रवींद्र जडेजा होते. २०२४ मध्ये बेनोनी येथे ऑस्ट्रेलियाच्या ७ बाद २५३ धावांना उत्तर देताना भारत १७४ धावांवर आटोपला. त्या आधीचे सगळे सामने भारताने जिंकलेले होते.

४. स्पर्धा १९ वर्षांखालील मुलांची आहे, मग संघात १९ वर्षे पूर्ण झालेले खेळाडू कसे दिसतात?

वय स्पर्धेच्या दिवशी मोजले जात नाही. त्यासाठी आधीची एक तारीख ठरवलेली असते. २०२४ च्या स्पर्धेसाठी १ सप्टेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले खेळाडू पात्र होते, आणि २०२६ च्या स्पर्धेसाठी तीच तारीख १ सप्टेंबर २००६ अशी होती. म्हणजे स्पर्धेच्या आधीच्या ३१ ऑगस्टला खेळाडूची १९ वर्षे पूर्ण झालेली नसावीत. २०२४ च्या भारतीय संघाचा कर्णधार उदय सहारन याचा जन्म ८ सप्टेंबर २००४ चा. स्पर्धा जानेवारीत सुरू झाली तेव्हा त्याने १९ वर्षे पूर्ण केली होती, तरी तो नियमात पूर्णपणे बसत होता.

याची दुसरी बाजू पालकांनी समजून घ्यावी. स्पर्धा दोन वर्षांनी येत असल्यामुळे काही मुलांची ऐन बहराची वर्षे दोन स्पर्धांच्या मध्ये पडतात. ऑगस्टच्या अखेरीस जन्मलेला मुलगा एका दिवसाच्या फरकाने बाहेर राहू शकतो. त्यात मुलाचा दोष नसतो आणि त्यावर उपायही नसतो.

५. माझा मुलगा १३ वर्षांचा आहे आणि मोठ्या मुलांपेक्षा चांगला खेळतो. किमान वयाची काही अट आहे का?

आहे. आयसीसीने नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी १५ वर्षांची किमान मर्यादा घातली आणि ती १९ वर्षांखालील क्रिकेटलाही लागू केली. मात्र त्याच नियमात अपवादाची सोय आहे : असाधारण परिस्थितीत त्या देशाचे क्रिकेट मंडळ आयसीसीकडे परवानगी मागू शकते आणि त्या वेळी खेळाडूचा अनुभव, मानसिक वाढ आणि हित यांचा विचार होतो. बिहारचा वैभव सूर्यवंशी २०२४ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध भारतातर्फे खेळला आणि त्याने ५८ चेंडूंत शतक काढले, तेव्हा तो १३ वर्षांचा होता.

तरीही अपवादाकडे बोट दाखवून आपल्या मुलाला घाई करू नये. तेरा वर्षांच्या मुलाचे हाड, खांदा आणि पाठ अजून घडत असते. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर हे अधिकच जपावे लागते. १४ आणि १६ वर्षांखालील क्रिकेट ही त्या वयासाठीची योग्य पायरी आहे.

६. वयाची पडताळणी कशी होते? जन्मदाखल्यात एखाद्या वर्षाचा फरक असेल तर काय होते?

हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत सर्वाधिक वेळा विचारला जातो. पडताळणीत कागदपत्रे आणि वैद्यकीय तपासणी अशा दोन्ही गोष्टी येतात. भारतीय मंडळ मुलांच्या १६ वर्षांखालील गटात २०१२ पासून हाडांच्या वयाची ‘टीडब्ल्यू-३’ चाचणी वापरते. तिच्यात हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांची वाढ तपासून वयाचा अंदाज बांधला जातो. जन्मदाखला, शाळेच्या नोंदी आणि आधार यांतील तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि जन्मानंतर अनेक वर्षांनी काढलेल्या दाखल्याकडे बारकाईने पाहिले जाते.

चूक कारकुनी असेल, म्हणजे शाळेत नाव घालताना तारीख चुकीची लिहिली गेली असेल, तर ती मूळ जन्मनोंदीच्या आधारे रीतसर दुरुस्त करून घ्यावी आणि आपल्या संघटनेला लेखी कळवावी. हे काम मूल दहा-अकरा वर्षांचे असतानाच केलेले बरे, कारण निवडीच्या तोंडावर बदललेली तारीख संशय निर्माण करते.

तारीख जाणूनबुजून बदललेली असेल तर गोष्ट निराळी आहे. २०२० मध्ये भारतीय मंडळाने अशा खेळाडूंना स्वतःहून खरे वय सांगण्याची संधी दिली होती : जे सांगतील त्यांच्यावर कारवाई नाही, आणि जे लपवून पुढे पकडले जातील त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी. सतराव्या-अठराव्या वर्षी दोन वर्षे खेळाबाहेर राहणे म्हणजे या वयोगटाचे दार कायमचे बंद होणे. शिवाय दोन वर्षांनी लहान मुलांविरुद्ध काढलेल्या धावांतून खेळाडूला आपल्या खेळाचा खरा अंदाज येत नाही, आणि वरिष्ठ क्रिकेटमध्ये पाऊल टाकताच ही उणीव उघडी पडते. ज्या मुलाची जागा अशा रीतीने जाते त्याचे नुकसान तर कोणी मोजतही नाही. वय लपवण्याचा सल्ला देणारा प्रशिक्षक कितीही नावाजलेला असला तरी त्याच्याकडून मूल काढून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

७. महाराष्ट्रातील किंवा गोव्यातील मुलगा या संघापर्यंत कसा पोहोचतो?

थेट अर्ज करण्याची सोय नाही. ज्या अकादमी भरमसाट शुल्क घेऊन ‘भारतीय संघाच्या निवड चाचणी’ची जाहिरात करतात त्यांच्यापासून दूर राहावे. खरा मार्ग राज्य संघटनांमधून जातो. महाराष्ट्र राज्यात तीन स्वतंत्र संघटना आहेत : मुंबई क्रिकेट असोसिएशन, पुण्याजवळ गहुंजे येथे मैदान असलेली महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन आणि नागपूरची विदर्भ क्रिकेट असोसिएशन. गोव्याची संघटना वेगळी आहे. खेळाडू एका वेळी एकाच संघटनेकडून खेळू शकतो आणि संघटना बदलायची असल्यास ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते.

शाळा, क्लब आणि जिल्हा पातळीवरील कामगिरीवरून मुलगा संघटनेच्या निवड चाचणीपर्यंत जातो; मुंबईत त्यासाठी हॅरिस ढाल आणि गाइल्स ढाल या शालेय स्पर्धांना जुने महत्त्व आहे. पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस ढालीच्या सामन्यातच ५४६ धावांची खेळी केली होती. संघटनेच्या संघात आल्यावर १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील एकदिवसीय विनू मांकड करंडक आणि याच वयोगटाचा अनेक दिवसांच्या सामन्यांचा कूचबिहार करंडक या राष्ट्रीय स्पर्धा येतात. तेथे चमकलेल्या मुलांची निवड चॅलेंजर स्पर्धेसाठी आणि बंगळुरूच्या ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’मधील (पूर्वीच्या राष्ट्रीय अकादमीतील) शिबिरांसाठी होते. आशिया चषक आणि परदेशी संघांविरुद्धच्या मालिकांतून पारख झाल्यावर विश्वचषकाचे पंधरा जण ठरतात. या वाटेत कोठेही एका दिवसाच्या चाचणीवर सगळे अवलंबून नसते. निवड समिती दोन-तीन हंगामांची कामगिरी पाहते.

८. मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलाला खरोखर संधी मिळते का?

मिळते, आणि त्याची उदाहरणे ताजी आहेत. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या, २०१२ च्या विश्वविजेत्या संघात स्थान मिळवले आणि २०१४ च्या स्पर्धेत भारताचे नेतृत्व केले. २०२२ च्या विजेत्या संघात महाराष्ट्र संघटनेचे राजवर्धन हंगरगेकर, विकी ओस्तवाल आणि कौशल तांबे हे तिघे होते. २०२४ मध्ये सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने अमेरिकेविरुद्ध शतक केले. त्याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ठेवलेल्या २४५ धावांच्या लक्ष्यासमोर भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. तेथून बीडच्या सचिन धसने ९६ धावा करत उदय सहारनसोबत १७१ धावांची भागीदारी रचली आणि भारताने दोन गडी राखून सामना जिंकला.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी टर्फ (माती-गवताच्या) खेळपट्ट्या कमी असतात, मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर) वाढलेल्या फलंदाजाला चेंडूच्या उसळीशी नव्याने जुळवून घ्यावे लागते, आणि सामन्यांसाठी होणारा प्रवास खर्चिक पडतो. म्हणून चौदा-पंधराव्या वर्षापासून आठवड्यातून काही दिवस तरी टर्फवर सराव मिळेल अशी व्यवस्था करणे हा उपलब्ध खर्चाचा सर्वांत चांगला उपयोग ठरतो. महागडी बॅट त्यानंतर.

९. एक खेळाडू ही स्पर्धा दोनदा खेळू शकतो का?

आयसीसीच्या वयोमर्यादेत बसत असेल तर खेळू शकतो. रवींद्र जडेजा २००६ आणि २००८ मध्ये, सर्फराज खान २०१४ आणि २०१६ मध्ये, पाकिस्तानचा बाबर आझम २०१० आणि २०१२ मध्ये खेळला. भारतीय मंडळाने मात्र २०१६ मध्ये ठरवले की आपल्या खेळाडूला ही स्पर्धा एकदाच खेळता येईल. त्यामागे राहुल द्रविडचा आग्रह होता : या वयोगटात रेंगाळण्यापेक्षा मुलाने पुढच्या पातळीवर जावे आणि त्याची जागा दुसऱ्याला मिळावी. काही गुणी मुलांना यामुळे दुसरी संधी मिळत नाही, हे खरे आहे. तरीही हा निर्णय योग्य वाटतो, कारण या स्पर्धेचे प्रयोजन मुले घडवणे हे आहे आणि त्यापुढे विजेतेपदांची संख्या दुय्यम ठरते. हा नियम भारतापुरता आहे; इतर देश आपल्या खेळाडूंना दोनदा खेळवू शकतात.

१०. ‘सुपर सिक्स’मध्ये आधीचे गुण पुढे नेतात म्हणजे नेमके काय?

२०२४ पासून सोळा संघांचे चार गट असतात आणि प्रत्येक गटातील पहिले तीन संघ पुढे जातात. चौथ्या क्रमांकाचे संघ तेरा ते सोळा या स्थानांसाठी खेळतात. पुढे गेलेल्या बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट होतात. अ आणि ड गटांतील संघ एका बाजूला, ब आणि क गटांतील दुसऱ्या बाजूला. या टप्प्यात प्रत्येक संघ दोनच नवे सामने खेळतो. आपल्या मूळ गटातून जे दोन संघ सोबत आले, त्यांच्याविरुद्ध मिळवलेले गुण मात्र जमेस धरले जातात. बाद झालेल्या चौथ्या संघावरील विजयाचे गुण येथे मोजत नाहीत.

उदाहरण २०२४ च्या भारताचेच घ्यावे. गटात भारताने बांगलादेश, आयर्लंड आणि अमेरिका या तिघांनाही हरवले. अमेरिका चौथी आली, त्यामुळे सहापैकी चारच गुण पुढे गेले. नंतर न्यूझीलंड आणि नेपाळ यांना हरवून भारत आठ गुणांवर पोहोचला. दोन्ही बाजूंचे पहिले दोन संघ उपांत्य फेरीत जातात.

गुण समान झाले की नेट रन रेट, म्हणजे आपल्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या धावगतीतील फरक, निर्णायक ठरू शकतो. २०२४ मध्ये पाकिस्तानविरुद्ध बांगलादेशला केवळ जिंकून भागणार नव्हते. १५६ धावांचे लक्ष्य ठरावीक षटकांच्या आत गाठायचे होते. त्या घाईत त्यांचा डाव १५० धावांत संपला. गटातील दुबळ्या वाटणाऱ्या संघाविरुद्धही शेवटपर्यंत जोर का लावला जातो, याचे उत्तर अशा सामन्यांत मिळते.

११. पावसामुळे सामना अर्धवट राहिला तर?

निकालासाठी दोन्ही संघांना किमान २० षटके मिळावी लागतात; त्यानंतर डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धतीने लक्ष्य बदलले जाते. दोन अंतिम सामने असे निकाली निघाले आहेत आणि दोन्हींत भारत होता. २००८ मध्ये क्वालालंपूरला भारताच्या १५९ धावांनंतर दक्षिण आफ्रिकेसमोर २५ षटकांत ११६ धावांचे सुधारित लक्ष्य आले आणि भारत १२ धावांनी जिंकला. २०२० मध्ये पॉचेफस्ट्रूमला भारताच्या १७७ धावांसमोर बांगलादेशचे लक्ष्य १७० झाले आणि कर्णधार अकबर अलीच्या नाबाद ४३ धावांमुळे त्यांनी तीन गडी राखून देशाचा पहिला विश्वचषक जिंकला.

१२. या सामन्यांतील धावा आणि बळी आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत धरले जातात का?

नाही. या सामन्यांची नोंद युवा एकदिवसीय सामने म्हणून स्वतंत्र ठेवली जाते. ती वरिष्ठ एकदिवसीय सामन्यांत, प्रथम श्रेणीत (रणजीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांत) किंवा ‘लिस्ट ए’मध्ये (देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांत) मिळवली जात नाही. उन्मुक्त चंदने २०१२ च्या अंतिम सामन्यात केलेल्या नाबाद १११ धावा किंवा मनजोत कालराच्या २०१८ च्या अंतिम सामन्यातील नाबाद १०१ धावा त्यामुळेच त्यांच्या वरिष्ठ कारकिर्दीच्या आकड्यांत दिसत नाहीत.

आयपीएलच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे. १९ वर्षांखालील भारतीय खेळाडूला लिलावात नाव देण्यासाठी राज्याच्या वरिष्ठ संघातून ठरावीक स्वरूपाचा किमान एक सामना खेळलेला असावा लागतो. केवळ विश्वचषक खेळून ही अट पुरी होत नाही. म्हणून राज्याच्या वरिष्ठ संघातील पदार्पणाला युवा विश्वचषकातील शतकापेक्षा कधी कधी अधिक व्यावहारिक मोल असते.

१३. मुलींसाठी अशी स्पर्धा आहे का?

आहे, परंतु ती टी-२० स्वरूपात खेळली जाते आणि २०२३ मध्ये सुरू झाली. पहिली स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली. शफाली वर्माच्या नेतृत्वाखालील भारताने अंतिम सामन्यात इंग्लंडचा डाव ६८ धावांत गुंडाळून सात गडी राखून विजय मिळवला. २०२५ ची स्पर्धा मलेशियात झाली. निकी प्रसाद कर्णधार आणि मुंबईची सानिका चाळके उपकर्णधार असलेल्या संघाने दक्षिण आफ्रिकेला नऊ गडी राखून हरवले. गोंगडी त्रिशाने ३०९ धावा केल्या, त्यांत स्कॉटलंडविरुद्धचे स्पर्धेच्या इतिहासातील पहिले शतक होते.

मुलींच्या पालकांकडून एक प्रश्न नेहमी येतो की गावात मुलींचा संघच नाही, मग काय करावे. सुरुवातीची वर्षे मुलांच्या संघासोबत सराव करण्यात काहीही गैर नाही. निवड मात्र संघटनेच्या मुलींच्या १५ आणि १९ वर्षांखालील चाचण्यांतूनच होते, त्यामुळे त्यांच्या तारखांवर लक्ष ठेवावे.

१४. वरिष्ठ संघातून खेळलेला खेळाडू पुन्हा युवा विश्वचषकात खेळू शकतो का?

वयात बसत असेल तर नियम त्याला अडवत नाही. झिम्बाब्वेचा तातेंडा तायबू २००१ मध्ये कसोटी खेळला आणि २००२ च्या युवा विश्वचषकात स्पर्धेचा मानकरी ठरला. अफगाणिस्तानचा मुजीब उर रहमान डिसेंबर २०१७ मध्ये वरिष्ठ संघात आला आणि लगेच २०१८ ची युवा स्पर्धा खेळला.

१५. भारताकडून ही स्पर्धा खेळल्यावर दुसऱ्या देशाकडून खेळता येते का?

येते. आयसीसीच्या नियमांनुसार जन्म, नागरिकत्व किंवा तीन वर्षांचे वास्तव्य यांपैकी एका आधारावर खेळाडू त्या देशासाठी पात्र ठरतो, आणि युवा पातळीवर एका देशाकडून खेळल्याने दुसऱ्या देशाचे दार कायमचे बंद होत नाही. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर २०१० मध्ये भारताकडून युवा विश्वचषक खेळला, मुंबईकडून रणजी खेळला, मग संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत गेला. जून २०२४ च्या टी-२० विश्वचषकात अमेरिकेने पाकिस्तानला हरवले तेव्हा निर्णायक सुपर ओव्हर त्यानेच टाकली. मुंबईचाच हरमीत सिंग २०१० आणि २०१२ असे दोन युवा विश्वचषक भारताकडून खेळून पुढे अमेरिकेच्या संघात आला. इऑइन मॉर्गन युवा स्पर्धेत आयर्लंडकडून खेळला होता. पुढे त्याने इंग्लंडला २०१९ चा विश्वचषक जिंकून दिला.

१६. माझ्या मुलाची निवड झाली नाही. आता त्याची भारताकडून खेळण्याची संधी संपली का?

अजिबात नाही. महेंद्रसिंग धोनी, जसप्रीत बुमराह, सूर्यकुमार यादव आणि पुण्याचा ऋतुराज गायकवाड यांपैकी कोणीही ही स्पर्धा खेळलेला नाही. उलट बाजूही पाहावी : २०१२ चा विजेता कर्णधार उन्मुक्त चंद भारताच्या वरिष्ठ संघातून एकही सामना खेळला नाही. २००८ च्या कोहली-जडेजांच्या संघातीलही अनेक जण त्या पातळीपर्यंत पोहोचले नाहीत.

मुलांची शारीरिक वाढ एकसारखी होत नाही. सोळाव्या वर्षी उंच आणि भरलेला मुलगा समवयस्कांवर सहज भारी पडतो. विसाव्या वर्षी ती आघाडी उरत नाही आणि उशिरा वाढलेला, तंत्राने पक्का मुलगा पुढे येतो. एकोणीस वर्षांनंतर राज्याचा २३ वर्षांखालील संघ, क्लब क्रिकेट, विद्यापीठ स्पर्धा आणि रणजी हे मार्ग मोकळे असतात. दहावी-बारावीकडे पाठ फिरवून सगळे या एका स्पर्धेवर लावणे आम्हाला धोक्याचे वाटते. नेत्रावळकरची वाट (प्रश्न १५) अभ्यासामुळे बंद झाली नाही. तिला दुसरीकडून दार उघडले.

१७. सोळा संघ कसे ठरतात? यजमान देशाला आपोआप जागा मिळते ना?

येथे अनेकांचा गैरसमज होतो. २०२६ च्या स्पर्धेसाठी २०२४ च्या स्पर्धेतील कामगिरीवरून आयसीसीच्या दहा पूर्ण सदस्यांना (कसोटी खेळणाऱ्या देशांना) थेट प्रवेश मिळाला, झिम्बाब्वेला यजमान म्हणून जागा मिळाली, आणि उरलेल्या पाच जागा प्रादेशिक पात्रता स्पर्धांतून अमेरिका, टांझानिया, अफगाणिस्तान, जपान आणि स्कॉटलंड यांनी पटकावल्या. सहयजमान असूनही नामिबियाला ही सवलत नव्हती. आफ्रिकेच्या पात्रता स्पर्धेतून टांझानिया प्रथमच मुख्य स्पर्धेत गेला आणि नामिबियाचा संघ बाहेर राहिला. पूर्ण सदस्य असलेल्या अफगाणिस्तानलाही पात्रता फेरी खेळावी लागली.

लहान संघांना प्रवेश देऊन सामने एकतर्फी होतात, अशी तक्रारही येते. २०२० मध्ये जपानचा डाव भारतासमोर ४१ धावांत संपला, हे खरे आहे. पण २०२४ मध्ये नेपाळने अफगाणिस्तानला एका गड्याने हरवून सुपर सिक्स गाठली, हेही त्याच व्यवस्थेचे फळ आहे, आणि अशा देशांतील मुलांना ही संधी मिळायलाच हवी.

१८. एखाद्या संघाने ऐनवेळी माघार घेतली किंवा यजमानच बदलला तर?

माघार घेणाऱ्या संघाच्या जागी पात्रतेच्या क्रमातील दुसऱ्या संघाला बोलावले जाते. २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ऑस्ट्रेलिया बांगलादेशला गेला नाही आणि आयर्लंडला जागा मिळाली. २०२२ मध्ये परतल्यावरच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे न्यूझीलंडने माघार घेतली आणि स्कॉटलंड खेळला. यजमानपदही बदलले आहे : २०१० ची स्पर्धा केनियाऐवजी न्यूझीलंडमध्ये झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आयसीसीने श्रीलंकेच्या मंडळाला निलंबित केल्यावर २०२४ ची स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलवली गेली.

१९. गोलंदाजाने चेंडू टाकण्याआधीच नॉन-स्ट्रायकरला (गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या फलंदाजाला) धावचीत करणे नियमात बसते का?

बसते. २०१६ मध्ये चितगावला वेस्ट इंडिजविरुद्ध झिम्बाब्वेला शेवटच्या षटकात तीन धावा हव्या होत्या आणि एकच गडी शिल्लक होता. कीमो पॉलने धाव घेत येऊन चेंडू न टाकता क्रीज सोडलेल्या नॉन-स्ट्रायकरची यष्टी उडवली; झिम्बाब्वेचे आव्हान तेथेच संपले आणि वेस्ट इंडिज पुढे जाऊन विश्वविजेता झाला. त्यावर जगभर टीका झाली. ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या इंग्लिश क्लबच्या नियमावलीत हा प्रकार ‘अयोग्य खेळ’ या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात ठेवला आहे. मुलांना गोलंदाजाच्या खिलाडूवृत्तीवर व्याख्यान देण्याऐवजी चेंडू सुटेपर्यंत बॅट क्रीजमध्ये ठेवण्याची सवय लावावी.

२०. स्पर्धा सुरू असताना खेळाडू जखमी झाला तर दुसरा बोलावता येतो का?

येतो, परंतु स्पर्धेच्या तांत्रिक समितीची मंजुरी लागते. येथे ‘राखीव म्हणून सोबत असणे’ आणि ‘पंधरा जणांत बदल होणे’ यांतील फरक लक्षात घ्यावा. राखीव खेळाडू संघासोबत सराव करू शकतो, पण अधिकृत बदल होईपर्यंत त्याला सामन्यात घेता येत नाही. २०१८ मध्ये वेगवान गोलंदाज इशान पोरेल जखमी झाल्यावर विदर्भाच्या आदित्य ठाकरेला न्यूझीलंडला बोलावून घेतले होते. पोरेल बरा झाला आणि उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने १७ धावांत ४ बळी घेतले. २०२२ मध्ये करोनामुळे कर्णधार यश धुल आणि उपकर्णधार शेख रशीद यांच्यासह अनेक जण विलगीकरणात गेले, तेव्हा आयर्लंडविरुद्ध अकरा खेळाडू जमवणेही अवघड झाले होते. निशांत सिंधूने त्या सामन्यात नेतृत्व केले, भारत जिंकला, आणि बरे होऊन परतलेला धुल पुढे अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून उतरला, कारण त्याचे नाव पंधरा जणांतून वगळले गेले नव्हते.